टॅपेट कव्हरचं पॅकिंग: इंजिनाला घाम का येतो?

(वाशीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय तसा लहान आहे. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्या झाकणाखाली रबराची एक कड असते, आणि ती कड गळायला लागली की काय करायचं, एवढंच. तासभर एका रबरावर काय बोलणार, असं वाटेल. पण ह्या रबरापायी लोक एकतर विनाकारण घाबरतात आणि नको ते काम करून घेतात, नाहीतर अजिबात घाबरत नाहीत आणि गळतं तसं गळू देतात. दोन्ही महागात पडतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. पुस्तकात ह्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, काही जण रॉकर कव्हर म्हणतात, काही जण हेड कव्हर. आपल्याकडे गॅरेजमध्ये नाव एकच, टॅपेट कव्हर. आणि गॅस्केटला गॅस्केट फारसं कोणी म्हणत नाही, म्हणतात पॅकिंग. आता होतं काय, मेकॅनिक फोनवर सांगतो, ‘साहेब, हेडच्या वरचं पॅकिंग गेलंय.’ ऐकणारा ‘हेड’ आणि ‘पॅकिंग’ हे दोनच शब्द पकडतो आणि समजतो की हेड गॅस्केट गेलं. झालं! घरात चर्चा सुरू, गाडी विकायची का म्हणून.

ह्या दोन पॅकिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. हेड गॅस्केट इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ह्यांच्या मध्ये बसतं. तिथे पेट्रोल जळतंय, प्रचंड दाब आहे, बाजूने गरम पाणी वाहतंय, ऑइल वाहतंय, आणि ह्या तिघांना एकमेकांत मिसळू न देण्याचं काम ते एकटं करतं. ते गेलं तर हेड उतरवावं लागतं, मशीन शॉपमध्ये पाठवून ते सपाट आहे का बघावं लागतं, लागलं तर घासून घ्यावं लागतं. काही दिवसांचं काम, हजारोंचा खर्च. टॅपेट कव्हरचं पॅकिंग त्याच्याही वर, अगदी माथ्यावर. तिथे काही जळत नाही. कॅमशाफ्ट फिरतोय, व्हॉल्व्ह उघडझाप करतायत, त्यांच्यावर ऑइल पडतंय आणि भोकांतून परत खाली जातंय. पॅकिंगने फक्त उडणारे शिंतोडे अडवायचे. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना ते काहीशे रुपयांत मिळतं आणि काम अर्ध्या दिवसाच्या आत होतं.

म्हणून कोणी ‘पॅकिंग गेलं’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: कुठलं? आणि दुसरा: पाणी कमी होतंय का? हेड गॅस्केट गेलं की रेडिएटरचं पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, गाडी तापते, ऑइल दुधाळ होतं. टॅपेट कव्हर गळत असेल तर ह्यातलं काहीही होत नाही. ऑइल बाहेर येतं, बस. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. पावसाळ्यात ज्यांची गाडी सेक्टर १७ ते स्टेशन एवढीच फिरते, त्यांना ऑइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय दिसते. इंजिन नीट तापतच नाही, म्हणून आतली वाफ तिथे जमते. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल, तर त्या सायीवरून हेड खोलायला कोणी सांगत असेल तर थांबा. आधी गाडी एकदा पनवेलपर्यंत फिरवून आणा आणि मग बघा.

आता हे पॅकिंग जातं कशाने? घरातली कुकरची रिंग आठवा. नवी असते तेव्हा मऊ, दाबली की परत फुगते. दोन-तीन वर्षांनी ती कडक होते, थोडी पसरते, आणि झाकण लावलं तरी कडेने फुसफुस. रबर फाटलेलं नसतं. त्याची ‘परत फुगण्याची’ ताकद गेलेली असते. सील म्हणजे नुसती मधली भिंत नव्हे. दोन्ही पृष्ठभागांवर ते सतत उलट दाब देत राहिलं पाहिजे, तरच ऑइल अडतं.

हे जगाला सगळ्यात नीट कोणी दाखवलं असेल तर रिचर्ड फाइनमन ह्या भौतिकशास्त्रज्ञाने. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. चौकशी समितीच्या जाहीर बैठकीत फाइनमननी यानाच्या रॉकेटमधल्या सीलच्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबला, बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून शिकंजा सोडला. रबर लगेच परत फुगलं नाही. उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि सीलचं तेच झालं होतं. तिथे थंडीने झालं आणि थंडी उतरली की रबर पूर्ववत होतं. आपल्याकडे उष्णतेने होतं आणि ते कायमचं. मूळ मुद्दा मात्र तोच, रबर जागेवर आहे म्हणजे सील होतंय असं नाही.

आणि उष्णता म्हणाल तर आपल्या भागात गाडीला ती भरपूर मिळते. संध्याकाळी खाडीपुलावर गर्दीत अडकलेली गाडी बघा. इंजिन चालू, गाडी उभी, समोरून वारा नाही. मग घरी येऊन गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं आणि साठलेली उष्णता वर डोक्याकडे चढते. त्यामुळे ‘माझी गाडी फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली आहे, पॅकिंग कसं गेलं?’ ह्या प्रश्नाला अर्थ नाही. रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत. दहा-बारा वर्षांची, एम एच ४३ ची गाडी असेल आणि पॅकिंग कधीच बदललं नसेल, तर ते गळणं स्वाभाविक आहे.

जुन्या मंडळींना फियाट आठवत असेल, पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, कुर्ल्याच्या कारखान्यातली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी गेलीच. त्या पिढीतल्या इंजिनांना कॉर्कचं पॅकिंग असायचं. कॉर्क म्हणजे झाडाची साल, बारीक करून दाबलेली. ती दाबली की दाबलीच राहते, वाळली की आकसते. म्हणून तेव्हाचे मेकॅनिक नवं पॅकिंग टाकल्यावर काही दिवसांनी गाडी परत बोलवायचे आणि बोल्ट पुन्हा जरा आवळायचे. ती पद्धत तेव्हा बरोबर होती. तीच सवय आज साच्यात घडवलेल्या रबरी पॅकिंगला लावली की नुकसान होतं. त्यावर येतोच.

लक्षणं काय? पहिलं लक्षण नाकाला कळतं. सिग्नलला थांबलात की तेल करपल्यासारखा वास आत येतो, गाडी चालू लागली की जातो. कारण कव्हरच्या कडेने ओघळलेलं ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं, तिथे जळतं, आणि काचेखालच्या जाळीतून तो वास एसीच्या हवेबरोबर आत ओढला जातो. चालत्या गाडीत वारा तो उडवून नेतो. दुसरं लक्षण बॉनेट उघडल्यावर दिसतं, कव्हरच्या खालच्या कडेला धूळ बसलेला काळा चिकट पट्टा. ह्यालाच आपण इंजिनाला घाम आला म्हणतो. तिसरं लक्षण फसवं असतं. अनेक इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधोमध खोल विहिरीत बसतात आणि त्या विहिरींना वेगळे गोल सील असतात. ते गेले की बाहेर थेंबभर दिसत नाही, आत विहिरीत ऑइल भरतं. कॉइलचं रबरी टोक त्यात भिजतं, फुगतं, आणि गाडी मिसिंग करायला लागते. मग प्लग बदला, कॉइल बदला, पेट्रोल खराब होतं म्हणा, सगळं करून होतं. कॉइल उपटून तिचं टोक ओलं आहे का, एवढं बघितलं तर दोन मिनिटांत कळतं.

थोडा घाम आला तर लगेच गाडी उभी करायची का? नाही. नुसती ओलसर कड असेल आणि डिपस्टिकवर पातळी टिकत असेल, तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबता येतं, महिन्यातून दोनदा पातळी बघत. पण मॅनिफोल्डवर थेंब पडून धूर येत असेल तर थांबू नका. इंजिन ऑइलची वाफ साधारण २०० अंशांच्या वर ठिणगीने पेटू शकते, आणि मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. बहुतेक वेळा नुसता धूर होतो हे खरं. पण बॉनेटखालच्या कापडात, वायरिंगच्या वेष्टनात मुरलेलं ऑइल हे जळण आहे, आणि तिथे ठिणगी पडायला फार काही लागत नाही. तसंच ऑइल टायमिंग बेल्टवर किंवा आल्टरनेटरवर उतरत असेल तरी टाळू नका. तेलाने बेल्टचं रबर खराब होतं, आणि टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. मग खरोखरच हेड खोलावं लागतं.

आता निदान, कारण इथेच जास्त फसगत होते. ऑइल खाली आणि मागे वाहतं. त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथे गळती नसते. इंजिनाच्या खाली ओलं दिसलं म्हणून खालचं सील बदललं आणि गळती तशीच राहिली, असं खूप होतं. नियम असा की सगळ्यात उंच ओली जागा शोधा. आधी इंजिन थंड असताना कड डिग्रीझरने आणि कापडाने स्वच्छ पुसा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, कॉइल आणि कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर दुसरंच दुखणं. मग गाडी दोन दिवस चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. कव्हरच्या मागच्या बाजूला, केबिनकडे, डोळा पोचत नाही. तिथे छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घाला. आणि आजूबाजूचे संशयित तपासा. ऑइल भरायच्या टोपणाचं रबर, कॅमशाफ्टच्या टोकाचं सील, ऑइल प्रेशरचा स्विच, आणि जुन्या गाड्यांत हेडच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याची रिंग. टोपणाचं रबर तर इतकं स्वस्त आहे की आधी तेच बघावं.

बरं, पॅकिंगच गळतंय हे ठरलं. तरी एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते हीच सगळ्यात दुर्लक्षित आहे. परत कुकरकडे येऊ. शिट्टी तुंबली तर वाफ कुठून येते? रिंगच्या कडेने. मग तुम्ही रिंग बदलता की शिट्टी साफ करता? इंजिनातही तेच आहे. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा गॅस खाली झिरपतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायला ब्रीदरची वाट आणि पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, जो तो गॅस परत इंजिनाच्या हवेत सोडतो. ही वाट काजळीने तुंबली की आत दाब साठतो आणि ऑइल जिथे कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. अशा गाडीला कितीही चांगलं पॅकिंग टाका, काही महिन्यांत परत घाम. म्हणून काम देताना मेकॅनिकला सांगा, ‘दादा, पीसीव्ही आणि त्याचा पाइप पण काढून बघा.’ पेट्रोल गाडीत घरी बघायचा ढोबळ मार्ग असा. इंजिन आयडलला असताना ऑइलचं टोपण सैल करून त्या तोंडावर कागद धरा. वाट मोकळी असेल तर कागद हलकेच ओढला जातो किंवा स्थिर राहतो. जोरात फडफडून बाहेर ढकलला जात असेल तर पॅकिंग हा तुमचा पहिला प्रश्न नाही.

प्रत्यक्ष काम. स्वतः करणाऱ्यांसाठी सांगतो, न करणाऱ्यांनी शेजारी उभं राहून काय बघायचं म्हणून ऐका. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. कॉइल, पाइप, कनेक्टर काढताना मोबाइलवर फोटो काढा, कुठली तार कुठे हे नंतर आठवत नाही. प्लगच्या विहिरीत ऑइल असेल तर प्लग सोडवायच्या आधी ते कापडाने टिपून घ्या, नाहीतर प्लग निघताच ते सगळं सिलिंडरमध्ये. कव्हरच्या कडेची माती ब्रशने झाडा, कारण झाकण उघडलं की ती थेट कॅमशाफ्टवर पडते. बोल्ट बहुतेक वेळा दहाच्या पान्याचे असतात. सगळे थोडे थोडे सैल करत जा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टिचक्या मारा. स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला एक चरा पडला की तीच पुढची गळती.

कव्हर निघालं की आतली ऑइलची छिद्रं स्वच्छ कापडाने झाका. जुनं पॅकिंग कडक होऊन तुकडे पडतात, ते आत जाता कामा नयेत. कड प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा. पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश नको. मग कोरड्या कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसा. कडेला तेल राहिलं तर पॅकिंग घसरतं. कव्हर सपाट आहे का ते पट्टी ठेवून बघा. हल्ली पुष्कळ गाड्यांना प्लॅस्टिकची कव्हरं येतात, ती तापून वाकतात. वाकलं असेल तर नुसतं पॅकिंग पुरणार नाही, कव्हरच बदलावं लागेल. काही कव्हरांत पीसीव्हीही आतच बांधलेला असतो, तिथे ते एका दृष्टीने बरंच.

आता सिलिकॉन. आपल्याकडे सिलिकॉनवर फार श्रद्धा आहे. नळी घेतली की सगळ्या कडेला गोलाकार लावायचं, वर पॅकिंग, त्यावर परत सिलिकॉन. हे चूक आहे. रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. सिलिकॉन लागतं फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंगचं कव्हर आणि हेड ह्यांचा जोड असतो, किंवा जिथे अर्धचंद्राचा आकार येतो, तिथे वाटाण्याएवढा ठिपका. बाकी लावलेलं सिलिकॉन दाबून आत येतं, त्याचे धागे सुटून ऑइल चेंबरमध्ये जातात आणि पंपाच्या जाळीवर बसतात. म्हणजे बाहेरची गळती थांबवण्यासाठी आपण इंजिनाचं तेलच अडवलं.

आणि शेवटी आवळणं. ह्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. हे किती? एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो टांगलं एवढं. पंचवीस सेंटिमीटरचा रॅचेट असेल तर त्याच्या टोकाला चार किलो, म्हणजे आठवड्याच्या भाजीची पिशवी. तगडा माणूस त्याच रॅचेटवर सहज वीस किलोचा जोर लावतो. मग हेडमधले आटे मरतात, किंवा बोल्ट तुटून आत राहतो, किंवा कव्हरला चीर पडते. काहीशे रुपयांचं काम तिथून पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून टॉर्क रेंच वापरा. मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत. पुष्कळ गाड्यांत बोल्टला खांदा असतो, तो टेकला की थांबायचं, त्यापुढे आवळून रबर जास्त दाबलं जात नाही. सिलिकॉनचे ठिपके लावले असतील तर नळीवर लिहिलेला वेळ थांबा. मग गाडी चालू करून दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठेवा, टॉर्च लावून कड बघा, आणि दोन-तीन दिवसांनी परत एकदा. फक्त बघायचं. परत आवळायचं नाही.

(इथून श्रोत्यांचे प्रश्न.)

एका ताईंनी विचारलंय की पॅकिंग बदलल्यावरही पहिले दोन दिवस करपट वास येत होता, म्हणजे काम बिघडलं का?

नाही, बहुधा नाही. मॅनिफोल्डवर आणि त्याच्या पत्र्याखाली जुनं ऑइल साठलेलं असतं, ते जळून संपेपर्यंत वास येतो. काम करतानाच तो भाग पुसून घेतला तर कमी येतो. आठवड्यानंतरही येत असेल तर मात्र कव्हरची मागची बाजू बघा. पॅकिंग खाचेतून सटकलं असेल तर ते बहुधा तिथेच, कारण कव्हर बसवताना तिथे दिसत नाही.

मागच्या काकांचा प्रश्न: गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकतात, ते चालतं का?

ही औषधं रबर थोडं मऊ करतात, फुगवतात. नुसता ओलसरपणा असेल तर काही दिवस फरक दिसू शकतो. पण काका, कडक होऊन चीर पडलेलं रबर त्याने जोडलं जात नाही. हे पॅकिंग वरच्या वर बदलता येतं, त्यासाठी सगळ्या इंजिनाला औषध पाजायची काय गरज? गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही अशा सीलसाठी कोणी ते वापरून बघितलं तर मी समजू शकतो.

आणखी एक प्रश्न आलाय की सोसायटीच्या पार्किंगमध्ये थेंब पडतात त्याचं काय करायचं, वॉचमन रोज पाणी मारून धुतो.

पाणी मारू देऊ नका. ते पाणी पावसाळी नाल्यात जातं. आपल्या वाशीत नाल्यांचं पाणी होल्डिंग पॉण्डमध्ये येतं आणि ओहोटीला तिथून खाडीत सोडलं जातं. त्याच ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात, २०१५ मध्ये तिथे त्यांचं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, रात्रभर राहू द्या, झाडून पिशवीत भरा आणि ती पिशवी धोकादायक कचऱ्यात वेगळी द्या. आणि काम करताना निघालेलं जळकं ऑइल गटारात नाही की भंगारवाल्याला डबा भरून नाही. ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेलं पाहिजे, तसा नियमच आहे. तुमच्या गॅरेजला विचारा त्यांचं ऑइल कोण घेऊन जातं. पॅकिंग येईपर्यंत गाडीखाली पत्र्याचा जुना ट्रे ठेवा. त्यात रोज किती थेंब पडले हे बघितलं की गळती वाढतेय का तेही कळेल.